तीन दिवस चारा

१

बुधवारी सकाळी केरूने वाशांवरची गळाची काठी खाली काढली तेव्हा तिच्यावर बोटभर धूळ होती. अकरा वर्षं ती तिथेच आडवी पडून होती. त्याने ओल्या फडक्याने ती पुसली, पेरांवरून अंगठा फिरवला, शेंडा हळूच वाकवून बघितला. बांबू अजून जिवंत होता. वाकला तसा सरळ झाला.

खाटेवरून चतुराबाई बघत होती. "मोडंल," ती म्हणाली.

"नाय मोडत. तुझ्यासारखी हाये ती. दिसायला बारीक."

तिला हसू आलं, पण हसायलाही आता तिला जोर लावावा लागत होता. पौषात तिला ताप आला होता. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती परत आलीच नाही. भाकरी मातीसारखी लागते म्हणायची. दूध नको, खीर नको. गेल्या आठवड्यापासून दिवसाकाठी अर्धी वाटी पेज, तीही केरूने समोर बसून रागे भरल्यावर. लेक हर्षाली नाशिकला होती. तिने तिथल्या डॉक्टरांशी बोलून ठेवलं होतं. रविवारी ती गाडी घेऊन येणार, आईला दवाखान्यात ठेवणार, नाकातून नळी घालून अन्न देणार. चतुराबाईने हे ऐकलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"नळी घातली का मी काय परत येत नाय या घरी," ती इतक्या हळू म्हणाली की केरूला वाकून ऐकावं लागलं.

पन्नास वर्षांच्या संसारात ती जे जे अशा हळू आवाजात बोलली होती, ते सगळं खरं ठरलं होतं.

आणि काल संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळी, ती आपली आपण बोलली. "धवळीतला खडस असता तर खाल्ले असते मी दोन घास."

दोनच घास, ओहोळातल्या माशाचे. पण केरू लहान पोरासारखा उठून बसला. तंबाखूच्या जुन्या डबीत गळ होते, चार गंजलेले, तीन बरे. तंगुसाचं रीळही होतं. उजेडाकडे धरून त्याने ते बारीक नायलॉन तपासलं, दातांनी ओढून बघितलं, गळ बांधला. त्याची गाठ साधीच असायची. त्याचा जुना जोडीदार जयराम, त्याची गाठ वेगळी. पोरपणी ऊस तोडताना कोयत्याने जयरामच्या उजव्या अंगठ्याचं टोक गेलं होतं, म्हणून तो सगळं उलट्या हाताने बांधायचा. डावीकडून पाच वेढे, शेवट मागे दुमडून आत घातलेला, आणि उरलेलं टोक दाताने तोडलेलं. शंभर गाठींत ठेवली तरी केरूने ती ओळखली असती.

मनमाडच्या रेल्वे यार्डात दोघांनी तीस वर्षं नोकरी केली आणि सुट्टी मिळाली की दोघं गावाकडे येऊन धवळीवर बसायचे. अकरा वर्षांपूर्वी, हर्षालीच्या लग्नाच्या आठवड्यात, जयराम एकटाच गेला. काठावर त्याच्या चपला मिळाल्या, जोडीने, नीट काढून ठेवलेल्या. जयराम मिळाला नाही. धवळीला गुडघाभरसुद्धा पाणी नसतं. लोक म्हणाले, कुठेतरी निघून गेला असेल. केरूने काठी वाशांवर टाकली.

२

कळवणकडे जाणारी सडक सोडून कांद्याच्या शेतांमधून अर्धा तास चाललं की डोंगराच्या पायथ्याला धवळी लागते. त्या सगळ्या मुलखात काळा दगड आहे. फक्त तिथे, एका जागी, जमिनीतून चुनखडी वर आली आहे. कपारीतून झरा निघतो आणि दोन-अडीचशे पावलं ओहोळ होऊन वाहतो. पाण्यात चुना आहे, म्हणून तळ पांढरा. पाण्यात काडी पडली तर वर्षभरात तिच्यावर दगडाचं साल चढतं. आणि पाणी इतकं स्वच्छ, की पाणी आहे हे हात घातल्यावरच कळतं.

अशा पाण्यात मासा धरणं सोपं नाही. त्याला आपण दिसतो. आपली सावली पाण्यावर पडली की त्या दिवसाचा खेळ संपला. म्हणून ऊन तोंडावर घ्यायचं, सावली पाठीमागे टाकायची, वाकून चालायचं. आणि मासा शोधायचा नाही, त्याची सावली शोधायची. मासा पाण्याच्या रंगाचा होऊन जातो, पण पांढऱ्या तळावर त्याची काळी सावली लपत नाही.

केरू काठावरच्या चपट्या दगडामागे गुडघ्यांवर बसला तेव्हा त्याची छाती धडधडत होती. त्र्याहत्तर वर्षांची छाती, पण धडधड तीच, पहिल्या दिवसाची. आठ वाजले असतील. चपट्या दगडापासून काठीभर अंतरावर, तळावर एक लांबट सावली होती.

"आहेस रे बाबा," केरू ओठांतल्या ओठांत म्हणाला.

त्याने गवतातून पकडून आणलेला नाकतोडा गळाला लावला आणि इतक्या हलक्या हाताने पाण्यावर टाकला की तो आपणच उडी मारून पडल्यासारखा वाटावा. नाकतोडा वाहत निघाला. सावली वर आली. पाणी फुटलं.

लगेच ओढायचं नाही. हे जयरामचं शिकवणं. मासा चारा तोंडात घेतो, चाचपतो, मग गिळतो. तोवर ढील द्यायची. जयराम काठीवर नखाने टकटक करून मोजायचा, एक, दोन, तीन, आणि तीनला हिसका. केरूने मनात मोजलं. तीनला काठी उचलली.

दीड वीत खडस! सोनेरी खवले, जाड गुबगुबीत ओठ. तो झटापट न करता आला, बोट धरून चालवल्यासारखा. केरूला नवल वाटलं, पण आनंद इतका मोठा होता की नवलाला जागाच उरली नाही. अकरा वर्षं इथे कोणी गळ टाकला नव्हता. माशांना भीती काय ते ठाऊक नसणार. तो दगडावर बसून एकटाच हसला, आणि मग डोळे पुसले.

३

"मीठ कमी झालंय," चतुराबाई म्हणाली.

केरू तिच्याकडे बघतच राहिला. मीठ कमी झालंय! म्हणजे तिला चव कळली होती.

कालवण त्यानेच केलं होतं. भाजलेलं खोबरं, काळा मसाला, वरून कोथिंबीर. घरात मासा आला की डोकं चतुराबाईचं, हा नियम लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनचा. तिला डोकं चोखून खायला आवडायचं. गालाजवळचं मांस, ओठ, सगळं. त्या दिवशी तिने डोकं खाल्लं, एक तुकडा खाल्ला, बाजरीची पाव भाकरी रस्स्यात कुस्करून खाल्ली, आणि बोटं चाटली.

केरूने हर्षालीला फोन लावला. "तुझ्या आईनं जेवण केलं."

"आबा, खरं सांगताय? की मला बरं वाटावं म्हणून?"

"मीठ कमी हाये म्हणाली."

हर्षाली नाक ओढत म्हणाली, "मग उद्यापण आणा. रोज आणा. रविवारपर्यंत ती अशीच खात राहिली तर नळीचं मी नावच काढणार नाही बघा. वचन."

"आणतो," केरू म्हणाला.

४

गुरुवारी आठ वाजता, त्याच जागी, तशीच सावली.

तशीच, पण मोठी. केरूने बसल्या बसल्या तिला न्याहाळलं. वाहत्या पाण्यात मासा तोंड प्रवाहाकडे करून उभा राहतो, पण तो हलत असतो. थोडा डावीकडे सरकतो, थोडा उजवीकडे, मागे जातो, परत येतो. हा जागचा हलत नव्हता. खुंटीला बांधलेल्या शेळीसारखा एका जागी उभा होता. शेपूट तेवढी हलत होती.

प्रवाह जोराचा असेल, केरूच्या मनात आलं. त्याने नाकतोडा टाकला. मासा वर आला.

एक, दोन.

आणि कपारीच्या बाजूने आवाज आला. टक. टक. टक.

केरूने मान वळवली. कपार वीस पावलांवर होती, कमरेइतकी उंच, आत काळोख. झरा तिथूनच निघत होता. आतल्या छतावरून थेंब पडत असणार. चुन्याच्या कपारीत थेंब पडतातच. त्याने काठी उचलली. मासा आला, निमूट.

घरी येईपर्यंत तो आवाज विसरला होता, कारण चतुराबाई खाटेवर उठून बसली होती आणि दाराकडे बघत होती.

"केवढा मिळाला?"

केरूने हाताने दाखवलं.

"बाई बाई! आन् मला डोकं तेवढं द्याल आन् बाकीचं तुम्ही खाल."

"तू खाऊन उरलं तर खाईन ना."

शुक्रवारी तर ती उंबऱ्यात उभी होती. अंघोळ केलेली, केस विंचरलेले. हातात मसाल्याचा डबा. त्या दिवशीचा खडस बोटांपासून कोपरापर्यंत भरेल एवढा होता आणि तोही त्याच जागी, त्याच वेळी, तसाच जागच्या जागी उभा राहून केरूची वाट बघितल्यासारखा. तीन टकटकी त्या दिवशीही झाल्या. केरूने त्या ऐकल्या, पण मान वळवली नाही. एवढं सुख चाललेलं असताना माणूस कशाला मान वळवेल?

चतुराबाईने आख्खी भाकरी खाल्ली. मग भांडी आवरता आवरता थबकून म्हणाली, "उद्या याच्यापरीस मोठा असंल."

"कशावरनं?"

"असंच. वाटलं."

तिच्या डोळ्यांत चमक होती. केरूला ती लग्नातली आठवली, दिंडोरीच्या मांडवातली, पिवळ्या हळदीची. त्याला त्या रात्री लहान पोरासारखी झोप लागली. झोप लागता लागता जयराम आठवला. जयराम मोठ्या, शहाण्या माशाला कसा धरायचा ते आठवायला लागलं. पण पुरतं आठवायच्या आधीच डोळे मिटले.

५

शनिवारी पाण्यावर ऊन पडलं आणि केरू दगडामागे आणखी खाली वाकला.

तळावरची सावली हातभर लांब होती. खांद्यापासून बोटांपर्यंत पूर्ण हात. एवढा खडस त्याने धवळीत कधी बघितला नव्हता. जयरामने वर्णन केलं होतं तेवढाच, आणि तेव्हा केरूने त्याची थट्टा केली होती. आता तो समोर उभा होता. खवला न खवला मोजता येत होता.

घाईत पहिला नाकतोडा निसटून उडाला. दुसरा नीट लागला. टाकला. सावली वर आली, पाण्यात मोठा भोवरा फुटला, तंगूस ताठ झालं. एक. दोन. तीन. केरूने काठी उचलली, आणि आज पहिल्यांदा मासा झुंजला.

काय झुंजला! काठी अर्धी वाकली. तंगूस पाणी कापत सुंईऽऽ करून कपारीकडे निघालं. केरू दगडामागून उठला, सावलीचं भान राहिलं नाही, चपला कधी काढल्या ते कळलं नाही. पाण्यात उतरला. पाणी बर्फासारखं. तो ओढत होता, मासा ओढत होता, आणि केरू पाऊल पाऊल कपारीकडे चालला होता. "ये रे! ये रे माझ्या राजा!" तो मोठ्याने ओरडत होता. म्हातारपण नाही, गुडघे नाहीत, काही नाही. पंचवीस वर्षांचा झाला होता तो.

कपारीच्या तोंडाशी पाणी मांडीला लागलं, धवळीत कधी लागलं नव्हतं तेवढं. पायाखालचा पांढरा तळ तिथे संपत होता. पुढे काळं होतं.

आणि तिथे त्याच्या हातांना काहीतरी वेगळं कळलं. आयुष्यभर काठी धरलेल्या हातांना कळतं ते. मासा ओढतो तो झटक्यांनी. थांबतो, दम घेतो, परत ओढतो. ही ओढ तशी नव्हती. एकसारखी, शांत, जोखत असलेली ओढ होती.

केरू थांबला. उगाच त्याच्या मनात आलं, चतुरी घरी मसाला वाटत बसली असेल. त्याने एक पाऊल मागे घेतलं.

लगेच ढील मिळाली. आतून कोणीतरी हात सैल सोडावा तशी. मासा सरळ त्याच्या मांडीवर येऊन आदळला. केरूने त्याला दोन्ही हातांनी छातीशी धरलं, तसाच मागे सरकत काठावर आला आणि धापा टाकत बसला. आणि मग हसू लागला. हसताना त्याला काठावर आपल्या चपला दिसल्या. जोडीने, नीट काढून ठेवलेल्या. एवढ्या घाईत त्याने त्या इतक्या नीट कधी ठेवल्या, ते मात्र त्याला आठवेना.

६

वाटेत काठी जड लागत होती.

मासा पाठीवर गोणीत, काठी खांद्यावर. मासा आपणच सुटला होता, म्हणून गळाकडे न बघताच त्याने तंगूस काठीभोवती गुंडाळून ठेवलं होतं. तरी मधूनच काठीचा शेंडा मागे ओढल्यासारखा व्हायचा, बाभळीत अडकावा तसा. केरू थांबायचा, मागे बघायचा. बाभळ नसायची. थकलोय, तो स्वतःशी म्हणायचा. आता हे काही वय आहे का पाण्यात उड्या मारायचं.

कांद्याच्या शेतात गावातला झुंबर पात कापत बसला होता. केरूला बघून तो ओरडला, "केरूआबा, काय घोडा मारून आणला का काय?"

"खडस हाये! चतुरीला!"

"आवो, ते तंगूस गुंडाळा की! लोळतंय तुमच्या मागं पार नाल्यापर्यंत. माझी गाय अडकंल त्याच्यात."

केरूने वळून बघितलं. पायवाट रिकामी होती. काठीवरचं तंगूस जागच्या जागी होतं.

"कुठं रे?"

झुंबरने कपाळावर हात धरून उन्हात बघितलं. मग डोळे बारीक केले. "आत्ता तर चमकलं," तो म्हणाला. "जाऊ द्या. उन्हाचं काय सांगावं."

घरी चतुराबाईने गोणी त्याच्या हातातून ओढूनच घेतली. "द्या इकडं. आज मी करणार. तुम्ही बसा." दोन महिन्यांनी ती विळीपाशी बसली. केरू ओट्यावर टेकला, डोळे मिटले. खवले काढल्याचा खरखर आवाज आला, मग फोडणीचा. मसाल्याचा वास सगळ्या घरात भरला. उद्या रविवार. हर्षाली येईल आणि आईला चुलीपुढे बघेल, या विचाराने त्याचा ऊर भरून आला.

थोड्या वेळाने तो उठला. काठी वाळत ठेवावी, गळ पुसून डबीत टाकावा, म्हणून त्याने तंगूस सोडायला घेतलं. टोकापर्यंत आला.

गळाला नाकतोडा होता.

आख्खा. पाय, पंख, सगळं जागच्या जागी. ओला झालेला, बाकी जसा लावला तसा.

केरूने तो उजेडाकडे धरून उलटसुलट बघितला. मासा निसटला असेल आणि नंतर... नंतर काय? लावलेला नाकतोडा एकच. तो गळाला जसाच्या तसा होता. म्हणजे माशाने केरूचा गळ घेतलाच नव्हता. मग एवढा वेळ तंगूस ताठ कशाने झालं होतं?

त्याचं उत्तर त्याला गळाच्या वीतभर वर मिळालं. त्याच्या तंगुसात दुसरं तंगूस गुंतलं होतं, केसाहून बारीक, कोरं करकरीत. त्याला एक गाठ होती. डावीकडून पाच वेढे. शेवट मागे दुमडून आत घातलेला. टोक दाताने तोडलेलं.

चुन्याच्या पाण्यात अकरा वर्षं राहिलेल्या गाठीवर दगड चढला असता. ही कालची होती. आजची होती.

आणि मग काल झोपेच्या आधी जे अर्धवट आठवलं होतं, ते पूर्ण आठवलं. जयराम, चपट्या दगडावर बसून, विडी पेटवत म्हणाला होता: "मोठा मासा शहाणा असतो केरू. त्याला पयल्या दिशी गळ नाय दावायचा. तीन दिवस नुसता चारा टाकायचा. तीच जागा, तीच वेळ. त्याला सवय लावायची. तो वाट बघायला लागला पायजे. चौथ्या दिवशी चाऱ्यात गळ."

बुधवार. गुरुवार. शुक्रवार.

"चतुरे!" केरू ओरडला.

७

ती चुलीपुढे पाटावर बसली होती. पुढ्यात ताट. ताटात डोकं होतं, चोखून पांढरं झालेलं. ओठ नव्हते. ओठ तिने आधी खाल्ले होते, नेहमीसारखे.

"काय झालं ओरडायला?" ती म्हणाली. "या, बसा. तुमच्यासाठी शेपटीचा तुकडा ठेवलाय. आज मीठ बरोबर हाये."

"चतुरे, काय गिळलंस तू?"

"जेवले. दुसरं काय?" तिने उजव्या ओठाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "काटा लागला जरा इथं. दुखत नाय. येडाच हाये, निघंना." ती हसली, आणि हसताना ओठाचा तो कोपरा पुढे गेला. चेहऱ्याच्या आधी. किंचित. दाराच्या दिशेने.

मग परत जागेवर आला.

"मला वाटतं," ती दाराकडे बघत म्हणाली, आणि तिचा आवाज एखाद्या मुलीसारखा उत्सुक होता, "मलापण एकदा धवळी दाखवा. आत्ता जाऊ या का? आत्ताच जावं असं लय वाटाया लागलंय."

ती उठली. तिला उठताना आधार लागला नाही.

दारातून दुपारचं ऊन आत आलं होतं. चुलीचा धूर त्यात तरंगत होता. त्या धुरात केरूला ते दिसलं. डोळ्याची पापणी लवेपर्यंतच. तिच्या ओठाच्या कोपऱ्यापासून निघालेली, उंबऱ्यावरून, अंगणातून, कुंपणाबाहेर गेलेली एक चमकती रेघ. धूर हलला आणि ती गेली.

केरूने विचार केला नाही. हात पुढे केला, तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, आणि मूठ मिटली. मुठीत ते होतं. गार. ओलं. त्याने ते डाव्या तळहाताभोवती गुंडाळलं, एक वेढा, दोन, आणखी, आणि उजव्या हाताने विळी ओढून घेतली. खवले चिकटलेलं पातं. चतुराबाईच्या ओठापासून आपल्या मुठीपर्यंत जेवढं होतं, तेवढं त्याने पात्यावर ठेवलं आणि खाली दाबलं.

तार तुटल्यासारखा आवाज झाला.

"आई गं!" चतुराबाई म्हणाली. तिने ओठ चाचपला. बोटावर रक्ताचा एक ठिपका आणि ठिपक्यात काहीतरी वाकडं, चमचमतं. "निघाला बघा मेला!" मग ती गोंधळून इकडेतिकडे बघू लागली. "मी उठले कशाला?"

"बस," केरू म्हणाला. "बस खाली. जेव."

"आन् तुम्ही?"

"मी जेवतो मागनं. भाकर हाये ना अजून? ती खा. सगळी खा."

ती बसली. भाकरी मोडली, रस्स्यात बुडवली, घास तोंडात घातला. केरू तो घास बघत राहिला. तिने तो चावला, गिळला आणि दुसरा मोडला. आता धवळीचा मासा असो नसो, ती खाईल, हे त्याला कळलं. चव तिची होती. ती परत आली होती.

मग त्याने आपल्या हाताकडे बघितलं.

वेढे त्याने तीनच दिले होते की चार, आठवत नव्हतं. आता पाच होते. डावीकडून. शेवट मागे दुमडून आत गेला होता. तो सोडवायला गेला तर बोटांना तिथे काहीच लागत नव्हतं. फक्त कातडीत पाच बारीक रेघा, आणि त्या गार होत्या. विळीचं पातं त्या रेघांवरून नुसतंच सरकलं.

"चतुरे, हर्षालीला फोन कर. म्हणावं, उद्या नको, आत्ता ये. आन् येईपर्यंत तू घराभायेर पाऊल टाकायचं नाय. माझ्या मागंसुद्धा नाय. काय म्हणालो?"

"काय झालंय तुम्हाला?"

"काय नाय. आनंद झालाय."

ते खोटं नव्हतं. तो उंबऱ्यावर जाऊन बसला, दोन्ही पाय चौकटीला लावले, पाठ ताठ केली. बाहेर अंगण, कुंपण, कांद्याची शेतं, डोंगर, सगळं उन्हात स्वच्छ दिसत होतं, तळ दिसावा इतकं स्वच्छ. त्याची छाती धडधडत होती. भीती होतीच. पण भीतीच्या खाली, लाज वाटावी अशी, ती जुनी धडधडही होती. काठीच्या शेंड्यावर डोळे लावून बसलेल्या माणसाची. फक्त आज तो दुसऱ्या टोकाला होता.

तळहातावरची ओढ सैल झाली.

ढील देतोय, केरूला वाटलं. घाई नाही करायचा जयराम. कधीच करायचा नाही.

मागे चतुराबाई भाकरी मोडत होती. पुढे, दूर, डोंगराच्या पायथ्याशी, कोणीतरी काठीवर नख वाजवलं. ते त्याला कानांनी ऐकू आलं नाही, हातात आलं.

टक.

केरूने चौकट घट्ट धरली.

टक.